माळ्यावरची तबकडी

दिवाळीच्या सुट्टीत माझी पुतणी पुण्याहून आली, ती काखेत एक मोठं चौकोनी पाकीट सांभाळत. एसटीच्या गर्दीत वाकू नये म्हणून म्हणे सगळा प्रवास मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं, साडीचा बॉक्स असेल. उघडलं तर आतून निघाली रेकॉर्ड. काळीभोर, चकचकीत, जेवणाच्या ताटाएवढी.

'केवढ्याची गं?' बाईच्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघणार.

'साडेतीन हजारांची, काकू.'

'अगं बाई! एवढ्यात घराचा पंधरा दिवसांचा किराणा येतो. आणि ही गाणी मोबाईलवर फुकट मिळतात ना?'

'मिळतात. पण तू आधी ऐक तरी.'

माझ्या सासऱ्यांसाठी तिनेच मागच्या वर्षी सुटकेससारखा दिसणारा एक प्लेअर आणून ठेवलाय. त्यावर तिने तबकडी ठेवली, सुई टेकवली. थोडी खरखर झाली आणि बाईचा आवाज आला. गाणं इंग्रजी. आवाज लाडिक, हवेत तरंगणारा, आणि मधेच एखादी जागा अशी घेतलेली की हातातलं काम थांबावं. ही बाई आपल्याकडचं गाणं शिकलेली आहे, एवढं मला नक्की कळलं. पाकिटावर नाव होतं आशा पुथली.

'कुठली ही?'

'मुंबईची!'

मैत्रिणींनो, आशा म्हटलं की आपल्याला एकच आशा आठवते, आणि ते बरोबरच आहे. पण मुंबईतच १९४५ मध्ये जन्मलेली ही दुसरी आशा न्यूयॉर्कला जाऊन जॅझ गायली, लंडन आणि जर्मनीत तिच्या रेकॉर्डी निघाल्या, आणि इकडे तिच्या देशात तिचं नाव फारसं कुणाच्या कानावर गेलं नाही. पुतणी परत गेली, पण माझ्या डोक्यातून ती बाई जाईना. मग वाचत गेले, विचारत गेले. जे कळलं ते सांगते.

लहानपणी त्या हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत शिकल्या आणि पाश्चात्त्य ऑपेराचं गाणंही शिकल्या. त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीने हॉटेलात, बँडसमोर उभं राहून गायचं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. पुढे त्या विमान कंपनीत हवाई सुंदरी झाल्या. अमेरिकेला जायचं तर वाट पाहिजे. नृत्याची शिष्यवृत्ती मिळवून त्या मार्था ग्रॅहॅम यांच्या प्रसिद्ध संस्थेत पोचल्या. गाणाऱ्या मुलीला नाचाच्या दारातून आत जावं लागलं. आपल्यापैकी किती जणींनी शिवणकामाच्या क्लासचं नाव सांगून दुसरंच काही शिकलंय, ते आठवून बघा!

याच सुमारास एक योग जुळून आला. वेद मेहता हे दृष्टिहीन लेखक भारतभर फिरून गेले होते. १९७० मध्ये त्यांचं 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' हे पुस्तक आलं. त्यात मुंबईत जॅझ गाणाऱ्या या मुलीबद्दल लिहिलेलं होतं. ते वाचलं जॉन हॅमंड यांनी. हॅमंड म्हणजे सीबीएस या मोठ्या रेकॉर्ड कंपनीतले जाणकार. बिली हॉलिडे, बॉब डिलन यांना पुढे आणणारे. त्यांनी आशाबाईंना गाठलं. मग ऑर्नेट कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या रेकॉर्डवर त्यांना दोन गाणी मिळाली. १९७१ मध्ये ती ध्वनिमुद्रित झाली. कोलमन हे जॅझमधलं फार मोठं आणि फार अवघड नाव. त्या दोन गाण्यांवर 'डाउनबीट' या जॅझच्या मासिकाच्या समीक्षकांनी आशाबाईंना कौल दिला. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुंबईची मुलगी, तिथल्या कसलेल्या गायिकांच्या पंगतीत!

आता जॅझ म्हणजे काय, फंक म्हणजे काय, हे मीही विचारलंच. माझं शिक्षण बी. ए. मराठीचं, त्यामुळे मला समजलं त्या भाषेत सांगते. जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या समाजाने न्यू ऑर्लिन्स शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेलं. त्यात चाल ठरलेली असते, पण वादक किंवा गायक तिथल्या तिथे नवं रचत जातो. आपल्या ख्यालात उपज असते ना, तसंच काहीसं. आणि फंक आलं साठच्या दशकात, जेम्स ब्राऊन यांच्या बँडमधून. त्यात सगळा भर पहिल्या मात्रेवर. बाकी वाद्यं इकडेतिकडे खेळतात, पण पहिल्या मात्रेला सगळ्यांनी एकत्र येऊन आदळायचं. मी म्हटलं, ही तर आपली समच की! भजनात मृदंगवाला समेवर येतो आणि आपल्या माना हलतात, तसंच. जॅझमधली मोकळीक आणि फंकचा ठेका यांची गाठ सत्तरच्या दशकात पडली. त्याला जॅझ-फंक म्हणायला लागले. क्रांती चौकात जयंतीच्या मिरवणुकीत उभं राहिलं की डीजेचा जो ठोका पोटात जाणवतो, त्याचं खानदान शोधत मागे गेलं तर एक फाटा तिथे जाऊन पोचतो.

हे संगीत आपल्याला अगदीच परकं आहे, असंही नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकात अमेरिकेतले कृष्णवर्णीय कलावंत बँड घेऊन यायचे. त्यांच्याकडून शिकले ते गोव्याचे वादक. (नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या इंग्रजी पुस्तकात हा सगळा इतिहास फार सुंदर लिहिलाय.) रात्री हॉटेलात वाजवायचं आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांच्या 'अलबेला'त १९५१ मध्ये जो बँडचा धुमाकूळ ऐकू येतो, त्यात चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रम्पेटवादक होते. आपल्या आयांनी स्वयंपाकघरात गुणगुणलेल्या गाण्यांत जॅझ होता. नाव माहीत नव्हतं, एवढंच. फ्रँक फर्नांड, सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांनी शेकडो गाण्यांचं वाद्यसंयोजन केलं, आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं कधी आली, बहुतेकदा आलीच नाहीत. 'अमर अकबर अँथनी'मधलं ते गाजलेलं नाव प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूला दिलेला मान होता, हे तरी किती जणांना ठाऊक?

गोव्याच्या लोर्ना यांचंही तेच. ख्रिस पेरी यांच्या बँडबरोबर त्यांनी गायलेली कोकणी गाणी आजही गोव्यातल्या लग्नांत वाजतात. त्या मात्र ऐन भरात गप्प झाल्या. जवळजवळ दोन तपं. १९९५ मध्ये पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या.

असो. आशाबाईंकडे वळूया. १९७३ मध्ये त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम आला आणि १९७६ मध्ये 'द डेव्हिल इज लूज'. हा जर्मनीचे डीटर झिमरमन यांनी केला. त्यात 'स्पेस टॉक' नावाचं एक गाणं आहे. न्यूयॉर्कला डेव्हिड मँकुसो नावाचे गृहस्थ आपल्या राहत्या जागेत ओळखीच्यांना बोलावून रात्रभर उत्तमोत्तम रेकॉर्डी लावायचे. त्या मैफिलींना 'द लॉफ्ट' म्हणत. तिथे हे गाणं इतकं वाजलं की नाचणाऱ्यांच्या दोन पिढ्यांना ते पाठ झालं. पण अल्बम निघाले होते युरोपात, त्यामुळे रेकॉर्डी मुळात थोड्या. मग ऐंशीचं दशक आलं. आशाबाई आई झाल्या, मुलाला वाढवताना नव्या रेकॉर्डी जवळजवळ थांबल्या. ही ओळ वाचताना तुम्ही मान हलवली असेल, मला माहीत आहे.

१९९७ मध्ये नॉटोरियस बी. आय. जी. या अमेरिकन रॅप गायकाच्या 'लाइफ आफ्टर डेथ' या अल्बममधल्या एका गाण्यात 'स्पेस टॉक'चा तुकडा वापरला गेला. याला सॅम्पल म्हणतात. जुन्या गाण्यातला चार-पाच सेकंदांचा तुकडा कापायचा, फिरवत ठेवायचा आणि त्यावर नवं गाणं रचायचं. जुन्या पैठणीचा पदर काढून नव्या साडीला लावतात तसं! तो अल्बम लाखोंनी खपला. ऐकणाऱ्यांना पदर आवडला, मूळ पैठणी कुणाची हे शोधायला काही वर्षं गेली. मग संग्राहक शोधायला लागले, जुन्या प्रती चढ्या भावाने जाऊ लागल्या. २०२२ मध्ये इंग्लंडच्या 'मिस्टर बोंगो' या कंपनीने 'द इसेन्शियल आशा पुथली' या नावाने त्यांची निवडक गाणी पुन्हा तबकडीवर आणली. हीच ती, साडेतीन हजारांची! आणि २०२४ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, आशाबाई इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात गायल्या. आमच्या कॉलनीत एकोणऐंशीच्या बाईला 'आता देवाचं नाव घ्या' म्हणतात.

हे ऐकल्यावर मला वाटलं, जुनी रेकॉर्ड पुन्हा काढणं म्हणजे काय फार? झेरॉक्स काढल्यासारखं असेल. तसं नाहीये. आधी मूळ चुंबकीय टेप सापडावी लागते. ती कित्येकदा दमटपणाने चिकट झालेली असते, यंत्रावर लावली तर थर निघून येतो. मग ती टेप चक्क शेकतात! साधारण पन्नास-पंचावन्न अंशांवर, आठ-आठ तास. आपण रवा भाजतो तेवढीही आच नाही, पण घाई केली की सगळं गेलं. शेकलेली टेप थोडे दिवस वाजते, तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यायची. टेपच नसेल तर चांगल्या स्थितीतली जुनी रेकॉर्ड शोधायची आणि तिच्यावरून नवी करायची. नंतर साचे बनतात, निकेल धातूचे. दोन साच्यांच्या मधे व्हिनाइलचा गरम गोळा ठेवायचा, दाबायचा, गार करायचा. मोदकाच्या साच्याची आठवण यावी असा प्रकार. अर्ध्या मिनिटात एक तबकडी तयार. व्हिनाइल म्हणजे तरी काय, आपल्या नळाच्या पीव्हीसी पाइपाचं भावंडच. त्याआधीच्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या रेकॉर्डी लाखेच्या असत, म्हणून तर हातातून पडली की बांगडीसारखी फुटे. कॅसेट आणि मग सीडी आल्यावर आपल्या देशात रेकॉर्डी छापणं बंद पडलं होतं. मुंबईत २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालंय.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट मात्र मुंबईची नाही, कोलकात्याची आहे. रूपा बिस्वास. १९८१ मध्ये ही गाणारी मुलगी भावाकडे कॅनडात कॅलगरीला गेली. तिथल्या विद्यापीठात तिचा कार्यक्रम झाला. तिथेच योग जुळले. सरोदवादक आशिष खाँ, म्हणजे अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव, यांनी पुढाकार घेतला. सरोद त्यांची, तबला त्यांचे बंधू प्राणेश यांचा, आणि गिटार, ड्रम वगैरे वाजवायला तिथलेच वादक. चार गाण्यांची रेकॉर्ड झाली. नाव 'डिस्को जॅझ'. १९८२ मध्ये ती आपल्याकडे मेगाफोन कंपनीने काढली आणि ती पडली. त्याच्या आदल्या वर्षीच नाझिया हसन यांची 'डिस्को दीवाने' आली होती. गल्लोगल्ली तीच वाजत होती. रूपाबाईंचं लग्न झालं, संसार झाला. त्या गायच्या हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं म्हणतात.

कितीतरी वर्षांनी घरातल्या जुन्या सामानात ती रेकॉर्ड मुलाच्या हाती लागली. त्याने सहज इंटरनेटवर आईचं नाव टाकलं आणि थक्क झाला. जगभरचे लोक त्या रेकॉर्डच्या मूळ प्रतीसाठी भरमसाट किंमत मोजत होते. 'आज शनिबार' हे त्यातलं गाणं लाखो लोक ऐकत होते. मूळ गायिका कोण, जिवंत आहे की नाही, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या 'न्यूमेरो ग्रुप' या कंपनीने २०१९ मध्ये ती रेकॉर्ड रीतसर पुन्हा काढली. बाई स्वयंपाकघरात होत्या आणि त्यांचा आवाज परदेशी क्लबांमध्ये वाजत होता. त्या मधल्या सदतीस वर्षांत आईला कधी 'तू काय गायचीस गं?' असं घरात कुणी विचारलं असेल का, हा प्रश्न मला सारखा पडतो.

विचारायला हवं, कारण वस्तू फार पटकन जातात. आमच्या भजनी मंडळात एक सत्तरी उलटलेल्या काकू आहेत. भावगीतं अशी गायच्या की ऐकणारा हलायचा नाही. त्यांच्या यजमानांनी हौसेने घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या अकरा कॅसेट होत्या. घराला रंग दिला त्या वर्षी भंगारवाल्याकडे गेल्या. सुनेला दोष देण्यात अर्थ नाही. कॅसेटवर नाव लिहिलेलं नव्हतं आणि वाजवायला घरात यंत्रच उरलं नव्हतं. मी रविवारी जाफर गेटच्या बाजारात जाऊन बघून आले. काकूंच्या कॅसेट मिळाल्या नाहीत, मिळणार नव्हत्याच. एका पथारीवर जुन्या रेकॉर्डींची चळत होती. विक्रेता म्हणाला, 'मॅडम, हॉटेलवाले नेतात. भिंतीला लावायला.'

म्हणून ज्यांच्या माळ्यावर अजून काही आहे त्यांच्यासाठी, मी जाणकारांना विचारून आणलेल्या दोन-चार गोष्टी. रेकॉर्डी आडव्या, एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आपल्या मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर व्हिनाइल पापडासारखं वाकडं होतं, तेव्हा खाली उतरवा. लाखेच्या जुन्या जड रेकॉर्डींना स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख विरघळते. आणि कॅसेट असो की मोबाईलमधलं रेकॉर्डिंग, कोण गातंय, कधी, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, हे लिहून ठेवा. हे शेवटचं सगळ्यात सोपं आणि तेच कुणी करत नाही.

आता जे सांगायचं आहे ते पैशाचं. वस्तू सापडली, गाणं पुन्हा निघालं, तर त्याचे पैसे कुणाला? साठच्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंनी गायकांनाही रॉयल्टी मिळायला हवी असा आग्रह धरला होता. रफीसाहेबांचं मत वेगळं होतं. गाण्याचे पैसे घेतले की आपला हक्क संपला, असं ते मानत. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. त्या वेळी पुष्कळांना लताबाई हट्टी वाटल्या. मला विचाराल तर त्या पुढचं बघत होत्या. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गायकाच्या रॉयल्टीचा हक्क कायद्यात आला. पुढच्याच वर्षी गायकांची 'इस्रा' ही संस्था उभी राहिली. तिच्यामागे लताबाई होत्या. त्या हट्टाला तब्बल पन्नास वर्षं लागली.

हे मला कळायचं कारण आमच्याच गटात घडलं. क्रांती चौकाजवळच्या एका खोलीत आमचा बायकांचा गट दर शनिवारी जमतो. बचतीचे हिशेब, रेशनकार्डांचे अर्ज, सासर-माहेरच्या तक्रारी, सगळं तिथेच. त्यात एक एकवीस वर्षांची मुलगी येते. आई धुणीभांडी करते. मुलगी भीमगीतं स्वतः लिहिते, चाल स्वतः लावते आणि गाते. आमच्या शहरात भीमगीतांची मोठी परंपरा आहे, पण या पोरीचा आवाज म्हणजे... ऐकायलाच हवा. एका शनिवारी ती एक कागद घेऊन आली. गाण्यांचे व्हिडिओ काढणारी एक कंपनी सहा गाणी भरून घेणार होती, आणि त्याचे तिला एकरकमी बारा हजार मिळणार होते. कागदावर लिहिलं होतं, 'सर्व हक्क कायमस्वरूपी कंपनीकडे राहतील, गायिकेस पुढे कोणताही मोबदला मागता येणार नाही.' खाली सहीची जागा.

पोरीची आई म्हणाली, 'ताई, बारा हजार कुणी देत नाही हो. सही करू द्या.' तिचं चुकीचं नव्हतं. घराचं तीन महिन्यांचं भाडं थकलेलं होतं. खोलीत दोन तट पडले. एकीचं म्हणणं, पोरगी प्रसिद्ध तरी होईल. दुसरी म्हणाली, प्रसिद्धी चुलीवर शिजते का? मी आशाबाईंची आणि रूपाबाईंची गोष्ट तेव्हा सांगितली. पुरी खोली शांत झाली, मग कुणीतरी विचारलं, 'त्या रॅपवाल्याने तुकडा घेतला, ते बाईला विचारून घेतला का?' असे प्रश्न शिकलेल्यांना सुचत नाहीत.

ओळखीच्या एका वकीलताईंकडे आम्ही तो कागद घेऊन गेलो. त्यांनी जे समजावलं ते साध्या शब्दांत असं. गाणं लिहिणारा आणि चाल लावणारा यांचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर कुणी लिहून घेऊन काढून घेऊ शकत नाही. 'मी हक्क सोडला' अशी सही घेतली तरी ती अट रद्दच ठरते. गाण्याबद्दल गायिकेचा हक्क वेगळा, तो पन्नास वर्षं चालतो. हक्क द्यायचे तर लेखी द्यायचे आणि कागदावर किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, किती रॉयल्टी हे स्पष्ट हवं. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. मात्र 'कायमस्वरूपी' असा शब्द टाकून सही केली की मुदतीचं हे संरक्षण गेलं. वाटा उरतो, पण तो मिळवायला मागे लागावं लागतं. मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत स्वतःकडे मागून घ्यायची, आणि दर गाण्याखाली गीतकार, संगीतकार, गायिका म्हणून आपलं नाव आलं पाहिजे, हे कागदावर आणायचं. वकीलताईंनी फी घेतली नाही, चहा मात्र दोनदा पाजला.

कंपनीच्या माणसाला भेटायला आम्ही चौघी गेलो, मुलगी, तिची आई, हिशेब बघणारी आमची एक मैत्रीण आणि मी. तो आधी हसला. 'मॅडम, एवढं कुणी वाचत नाही.' मग म्हणाला, दुसऱ्या दहा पोरी तयार आहेत. तेही खरंच होतं. मुलीचा चेहरा उतरला. तिची आई, जी सही करू द्या म्हणत होती, तीच म्हणाली, 'दहा पोरींना गाणं लिहिता येतं का साहेब?' तो जरा थांबला. अर्ध्या तासाने 'कायमस्वरूपी'वर काट मारून 'पाच वर्षे' लिहिलं गेलं. नावं द्यायचं कबूल झालं, प्रत पेनड्राइव्हवर द्यायचं कबूल झालं. रॉयल्टीचं कलम त्याने साहेबांना विचारून सांगतो म्हणून ठेवलंय. आणि बारा हजारांचे दहा झाले.

सही झालेली नाही. मुलगी दर शनिवारी येते, फोन आला का विचारलं की मान हलवते. त्या दोन हजारांवरून आमच्या गटात अजून वाद आहे. तिच्या सहाही गाण्यांचं रेकॉर्डिंग तोवर आम्ही मोबाईलवर करून घेतलंय, दुपारच्या वेळी, खिडक्या लावून, कारण चौकातले हॉर्न. तिसऱ्या गाण्यात मधेच कुकरची शिट्टी ऐकू येते. पुन्हा भरूया म्हटलं तर मुलगी म्हणाली, राहू द्या.